मे महिना, राखाडी टोपणाची ट्यूब आणि गरोदरपणातली साखर

सातरस्ता

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. समजा अक्कलकोट किंवा मोहोळच्या बाजूच्या एखाद्या आरोग्य केंद्रावर त्या दिवशी पंधरा-वीस गरोदर बायकांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं आणि दोन तासांनी राखाडी टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये (साखर उतरू नये म्हणून फ्लोराइड घातलेली ट्यूब) रक्त घेतलं. पहिलं रक्त सकाळी साडेअकराला, शेवटचं एकला. सगळ्या ट्यूबा एकत्र जीपमधून सोलापुरात लॅबला येतात तेव्हा तीन वाजलेले असतात. बाहेर ४२ अंश.

मशीनचं कंट्रोल बरोबर, कॅलिब्रेशन बरोबर, साखरेचा रिपोर्ट येतो १३७ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). गरोदरपणातल्या मधुमेहाच्या निदानाची रेघ १४०. म्हणजे बाई नॉर्मल.

माझा प्रश्न: हा १३७ बाईच्या अंगातला आहे की ट्यूबमधला? फ्लोराइड असताना साखर उतरते का, आणि उतरत असेल तर त्यावर आपल्याकडच्या परिस्थितीत काय करता येईल? जाणकारांनी लिहावं. 'मोठ्या लॅबला पाठवा' हे उत्तर नको, ती ट्यूब तिथंही उशिराच पोचणार.

कडक_भाकरी

फ्लोराइड घातलं की साखर जागच्या जागी थांबली असं धरून चालणारेच जास्त. धागा वाचतोय.

एनोलेज

ट्यूबमधला आहे.

तांबड्या पेशी ट्यूबमध्ये गेल्या तरी मरत नाहीत, खात राहतात. ग्लुकोजपासून पायरुव्हेटपर्यंत दहा पायऱ्या आहेत आणि फ्लोराइड अडवतं ते एनोलेज या एन्झाइमला, म्हणजे नवव्या पायरीला. वरच्या आठ पायऱ्या चालूच. पहिल्या पायरीवरचं हेक्सोकायनेज ग्लुकोज ओढत राहतं, पेशीतला एटीपी, म्हणजे तिचं इंधन, संपेपर्यंत. म्हणून पहिला तास-दोन तास फ्लोराइडच्या ट्यूबमधली साखर जवळजवळ साध्या ट्यूबइतक्याच वेगानं उतरते. साधारण चार तासांनंतर ती स्थिर होते. पण स्थिर झालेला आकडा म्हणजे उतरून बसलेला आकडा. दुसऱ्या दिवशी परत लावला तरी तोच येतो, आणि मग 'बघा, रिपीटला पण सेम आला' म्हणून सगळे निर्धास्त.

पुस्तकात साध्या ट्यूबसाठी तासाला ५ ते ७ टक्के घट दिलेली असते, खोलीच्या तापमानाला. ती खोली पुस्तकातली, वीस-पंचवीस अंशांची. जीपच्या डॅशबोर्डवर हा वेग वाढतो, कारण सगळी एन्झाइमची कामं. खरी साखर १४६ असेल आणि पाचच टक्के उतरली तरी १३८.७. बाई रेघेच्या खाली गेली.

डॉक्टरांना काळजी असते २००, २२० वाल्या बाईची. ती कुठल्याही ट्यूबमध्ये सापडते. हरवते ती १४० ते १५० मधली.

सेंट्रीफ्यूज

एनोलेज यांच्या म्हणण्याला आधार देणारा एक अभ्यास आहे, लोक त्याला विसरतात. डब्लिन, २०१६. १५५ गरोदर बायका, प्रत्येकीचं रक्त दोन पद्धतींनी हाताळलं. एक रोजची पद्धत: फ्लोराइड ट्यूब, खोलीच्या तापमानाला, जमेल तेव्हा लॅबला. दुसरी शिफारशीप्रमाणे: ट्यूब लगेच बर्फाच्या पाण्यात आणि अर्ध्या तासाच्या आत सेंट्रीफ्यूज, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून पेशी आणि प्लाझ्मा (वरचं पातळ पाणी) वेगळे. रोजच्या पद्धतीनं १४.२ टक्के बायकांना मधुमेह निघाला, दुसऱ्या पद्धतीनं ३८.१ टक्के. बायका त्याच, दिवस तोच.

आणि डब्लिनला मे महिन्यात ४२ अंश नसतात.

नवी_पेठ

१४ वरून ३८?? मग इतकी वर्षं काय तपासत होते?

सेंट्रीफ्यूज

@नवी_पेठ, तिथले निकष वेगळे, तीन आकड्यांचे आहेत: उपाशी ९२, एका तासानं १८०, दोन तासांनी १५३. तिन्हींतला एक जरी गाठला तरी निदान. उपाशीपोटीच्या ९२ च्या आसपास बायकांची गर्दी असते, त्यामुळं चार-पाच मिलिग्रॅमनी आकडा खाली आला की ढीगभर निदानं पुसली जातात. हे आकडे आले 'हापो' अभ्यासातून, २००८, नऊ देश, पंधरा केंद्रं, तेवीस हजारांवर बायका. त्या अभ्यासात नमुने बर्फात ठेवून सांभाळले होते. म्हणजे रेघ आखली थंड ट्यूबवर आणि आपण मोजतो गरम ट्यूब.

हुतात्मा_बाग

थोडा विरोध नोंदवतो. ३८ टक्के बायकांना मधुमेही ठरवून काय साधणार? सरकारी केंद्रावर आहाराचा सल्ला, दोन आठवड्यांनी जेवणानंतरची साखर १२० च्या आत आहे का बघणं, नसेल तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन, एवढं सगळं इतक्या जणींना कोण पुरवणार? आपल्याकडची एका आकड्याची पद्धत म्हणूनच बरी. उपाशी असो की जेवलेली, ७५ ग्रॅम, दोन तास, १४०. अक्कलकोटच्या खेड्यातून आठ महिन्यांच्या बाईला उपाशी बोलवून एसटीत बसवायचं का?

प्लाझ्माताई

@हुतात्मा_बाग, उपाशी न बोलवण्याबद्दल पूर्ण सहमत. पण 'बरी' म्हणताना हेही लक्षात असू द्या की या पद्धतीवर चेन्नईतच दोन टोकांचे निष्कर्ष आले आहेत. डॉ. शेषय्यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की जेवलेल्या बाईवरची एकच चाचणी उपाशीपोटीच्या चाचणीइतकी चालते. २०१४ मध्ये डॉ. मोहन यांच्या गटानं तीच तुलना केली आणि जेवलेल्या स्थितीतल्या चाचणीत तिसरा हिस्साही बायका सापडल्या नाहीत. गाव एक, निकष तेच, उत्तरं उलटी.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना जेवून-चालेल वाल्या पद्धतीच्याच आहेत, तेव्हा केंद्रावर तीच करायची. पहिल्या भेटीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत परत एकदा. ही दुसरी वेळ सर्रास चुकते, 'मागं केली होती की' म्हणून.

पद्धतच जर काही बायका सोडते, तर उरलेल्या ट्यूबमध्ये सोडायच्या का, एवढाच या धाग्याचा मुद्दा आहे. रेघ १४० ठेवा नाहीतर १५३. ती बाईच्या रक्तावर लागू करा.

जेवारी

मग एवढी झंझट कशाला? ग्लुकोमीटर घ्या, बोटाला टोचा, जागेवर आकडा. ट्यूब नाही, जीप नाही, बर्फ नाही.

एनोलेज

@जेवारी, सरकारी सूचनांत प्लाझ्मा-कॅलिब्रेटेड ग्लुकोमीटर चालतो, आणि तीन तास उन्हात फिरलेल्या ट्यूबपेक्षा तो पुष्कळदा बराच. पण त्याचे घोळ माहीत असू द्या.

एक, आयएसओच्या २०१३ च्या मानकाप्रमाणे १०० च्या वर ±१५ टक्के चूक चालते. १४० चा मीटर ११९ ही दाखवेल, १६१ ही दाखवेल आणि दोन्ही वेळा पास.

दोन, ग्लुकोज प्यायल्यावर बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त सारखं नसतं. स्नायू वाटेत साखर उचलतात, म्हणून बोटातला आकडा चांगलाच वर असतो. उपाशीपोटी हा फरक नगण्य.

तीन, आणि आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं: रक्तक्षय. तांबड्या पेशी कमी असल्या की बऱ्याच मीटरवर आकडा खोटा वाढतो. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचा मीटरवरचा १४८ लगेच खरा मानू नका, शिरेतून खात्री करा. त्याच दिवशी हिमोग्लोबिन होतंच, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला काय जातं?

चार, स्ट्रिप. डबीवर बहुधा ३० अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं. आशाताईंच्या गाडीच्या डिकीत मे महिन्यात किती असतं ते डिकी उघडून बघा. डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमटपणानं आणखी बिघाड.

कडक_भाकरी

म्हणजे ट्यूब आकडा खाली ओढते, मीटर वर ढकलतो. दोन्ही करा आणि सरासरी काढा 😄

एनोलेज

@कडक_भाकरी, हसू नका वो, असं करणारे आहेत.

भुईकोट

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) करून मोकळं व्हायचं. त्याला उपाशी नको, ग्लुकोज नको, ईडीटीएची ट्यूब दिवसभर टिकते.

प्लाझ्माताई

नको. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळं एचबीए१सी खाली येतं. लोह कमी असेल तर वर जातं. दोन्ही एकाच बाईत असतील तर आकड्याचा अर्थ लावत बसा. पहिल्या तिमाहीत ६.५ च्या वर आलं तर आधीपासूनचा मधुमेह आहे एवढं कळतं. २६ व्या आठवड्यात गरोदरपणातल्या मधुमेहाचं निदान त्यावर करायचं नाही.

सातरस्ता

चर्चा छान चाललीय. ट्यूबकडं परत येऊ. सायट्रेटच्या ट्यूबबद्दल कुणी लिहील का?

सेंट्रीफ्यूज

सायट्रिक आम्ल, फ्लोराइड आणि ईडीटीए एकत्र असलेल्या ट्यूबा मिळतात. आम्लामुळं पीएच झपकन उतरतो आणि हेक्सोकायनेज तिथंच थंडावतं, म्हणजे पहिल्याच पायरीला कुलूप. खोलीच्या तापमानाला काही तास आकडा हलत नाही.

तीन अडचणी. एक, महाग, आणि सरकारी पुरवठ्यात सहसा राखाडीच येते. दोन, पातळ द्रावण असलेल्या प्रकारात रक्त पातळ होतं, तेव्हा आलेल्या आकड्याला गुणकानं गुणावं लागतं. एका प्रचलित ट्यूबसाठी तो १.१६ आहे. गुणायचं विसरलं तर १५० चा १२९ होतो, म्हणजे करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दाणेदार मिश्रण असलेल्या प्रकारात ही भानगड नाही, पण तिथं हलवणं महत्त्वाचं. ते पूर्ण विरघळेपर्यंत, उत्पादकानं सांगितलं तितक्या वेळा ट्यूब उलटीसुलटी करायची. दोनदा उलटून ठेवून दिली तर साधीच ट्यूब समजा. तीन, अचानक बदलल्या तर निदानांची संख्या वाढणार, आणि डॉक्टर लॅबला फोन करून विचारणार, 'तुमचं मशीन बिघडलं का?' आधी सांगून ठेवा.

हुतात्मा_बाग

वाढलेल्या संख्येचा मुद्दा मी वर मांडलाच होता. असो.

चादरवाला

अवांतर विचारतो. त्याच जीपमधून वंध्यत्वाच्या तपासणीचे वीर्याचे नमुने आणि डबल मार्करचं (बाळाला डाउन सिंड्रोमची जोखीम किती ते बघतात त्या चाचणीचं) रक्तही येतं. सगळं एकाच बर्फाच्या डब्यात टाकलं तर चालेल का?

प्लाझ्माताई

अहो नाही! प्रत्येकाला आपापलं हवामान लागतं.

वीर्य: बर्फ अजिबात नको. २० ते ३७ अंशांच्या मधे, शक्यतो शरीराच्या उबेला धरून, आणि तासाच्या आत लॅबमध्ये. अर्ध्या तासात ते पातळ होऊन तपासणीला लागलं तर उत्तम. थंडीत शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, ४२ अंशांत मरतात, आणि रिपोर्टात दोन्ही 'कमी हालचाल' म्हणूनच उतरतं. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात हालचालीची खालची मर्यादा ४२ टक्के आहे, पुढं सरकणाऱ्यांची ३०, संख्या मिलिलिटरला १ कोटी ६० लाख. हे आकडे नीट हाताळलेल्या नमुन्यांवरचे आहेत. करमाळ्याहून सोलापूरपर्यंत वीर्य पाठवू नये, माणसाला पाठवावं. २ ते ७ दिवसांचा संयम, आणि नमुना लॅबच्या खोलीतच.

डबल मार्कर: इथं गरमीचा परिणाम उलटा. एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा; रक्त गरम जागी पडून राहिलं की ते सुटे होतात आणि मोकळा बीटा वाढतो. मोकळा बीटा वाढला की डाउनची जोखीम खोटी वाढते आणि एखाद्या बाईला विनाकारण पोटातून पाणी काढायच्या चाचणीपर्यंत जावं लागतं. म्हणून रक्त गोठलं की लगेच सीरम वेगळं करायचं आणि थंड पाठवायचं. फॉर्मवर वजन, जुळं आहे का, आयव्हीएफ आहे का, सोनोग्राफीतली बाळाची लांबी, सगळं भरायचं. वजनाची जागा रिकामी आणि खाली जोखीम १:९० असा रिपोर्ट कुणी दिला तर तो परत पाठवा.

सेंट्रीफ्यूज

भर घालतो: आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघतात ती एनआयपीटी. तिची खास ट्यूब फ्रीजमध्ये ठेवायची नाही आणि गोठवायची तर मुळीच नाही. बऱ्याच ट्यूबांवर ६ ते ३७ अंश लिहिलेलं असतं. आईच्या पेशी फुटल्या की तिचाच डीएनए भरमसाट मिसळतो, बाळाचा वाटा साधारण ४ टक्क्यांच्या खाली गेला की लॅब 'नमुना अपुरा' म्हणून परत मागते. पुण्या-मुंबईच्या कुरिअरला देताना बर्फाची पिशवी शेजारी टाकू नका, आणि कुरिअरच्या गाडीत ३७ च्या वर जाणार नाही ते बघा. सोलापुरात मे महिन्यात हे दुसरं जास्त अवघड.

नवी_पेठ

एनआयपीटीमध्ये मुलगा-मुलगी पण

संपादक

वरील प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, उरलेला काढला. गर्भलिंगाविषयी विचारणा, सूचना किंवा आडून केलेला उल्लेख या संकेतस्थळावर चालणार नाही. गर्भलिंगनिदान बंदीचा १९९४ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती सर्वांनी लक्षात ठेवावी. मूळ विषयावर यावे.

भुईकोट

योग्य केलंत.

उन्हाबद्दल एक उलट बाजू कुणी लिहिली नाही. स्वीडनमधल्या अभ्यासात उन्हाळ्यात गरोदर बायकांची दोन तासांची साखर जास्त निघते असं दिसलं. उष्णतेनं त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, शिरेतलं रक्त धमनीसारखं होतं आणि आकडा चढतो, असं एक स्पष्टीकरण. मग आपल्याकडं तर बाईच्या अंगात आकडा वर आणि ट्यूबमध्ये खाली असा प्रकार होणार.

एनोलेज

@भुईकोट, बरोबर, आणि म्हणूनच कडक_भाकरींची सरासरी चालत नाही. दोन चुका एकमेकींना नेमक्या खोडतील याची हमी कुणी दिलीय? एकीची वर जाईल, दुसरीची खाली. आणि ज्यांच्या चुका खोडल्या जात नाहीत त्याच दोघी-तिघी महत्त्वाच्या. बाईला दोन तास पंख्याखाली, सावलीत बसवणं हा चाचणीचाच भाग समजा. उन्हातून चालत आली असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं टेकू द्या.

जेवारी

ग्लुकोज पाजण्यातले घोळ पण लिहा की. ट्यूबवर सगळे तुटून पडलेत.

प्लाझ्माताई

खरंय.

७५ ग्रॅम हे निर्जल ग्लुकोजचं वजन. बाजारातली पावडर बहुधा मोनोहायड्रेट, म्हणजे तिच्यात पाणी आहे. ती ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. मोनोहायड्रेट ७५ ग्रॅमच तोलली तर बाईला प्रत्यक्षात ६८ ग्रॅम मिळतं. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. फ्लेवरची, जीवनसत्त्वं घातलेली पावडर चमच्यानं मोजून देणं तर नकोच. 'चार मोठे चमचे' हे माप नाही.

पाणी ३०० मिलि, थंड असेल तर ओकारी कमी. लिंबू पिळलं तरी चालतं. पाच-दहा मिनिटांत संपवायचं, पण एका दमात नाही. घड्याळ लावायचं ते पहिल्या घोटाला. वीस बायका एकदम पीत असतील तर प्रत्येकीच्या कागदावर स्वतःची वेळ लिहा, 'सगळ्यांचं साडेनऊला' असं नको. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी परत. अर्ध्या तासानंतर झाली तर चालू ठेवा. मधे चहा नाही, बिस्किट नाही, बाजारात चक्कर नाही. पाणी चालतं.

हे सगळं मराठीत सांगून भागत नाही. पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणारी आशाताई सोबत असली की उलटीची आणि चहाची गोष्ट खरी कळते.

सातरस्ता

आता मूळ प्रश्न परत. सायट्रेटची ट्यूब नाही, जीप एकच, ती तीनलाच पोचणार. यात काय बसतं?

सेंट्रीफ्यूज

केंद्रावर छोटं सेंट्रीफ्यूज असेल तर प्रश्न संपला. रक्त घेतल्यापासून अर्ध्या तासात फिरवायचं आणि वरचा प्लाझ्मा दुसऱ्या कोऱ्या ट्यूबमध्ये काढून घ्यायचा. काढून घेणं महत्त्वाचं. राखाडी ट्यूबमध्ये जेल नसतं, फिरवून तशीच ठेवली तर जीपच्या धक्क्यांनी परत एक होते. काढलेल्या प्लाझ्मामध्ये पेशी नाहीत, मग तीनला पोचो नाहीतर सहाला. नव्या ट्यूबवर नाव घालायला विसरू नका.

सेंट्रीफ्यूज नसेल तर बर्फाचं पाणी. नुसता बर्फ नको. बर्फाला थेट चिकटलेली ट्यूब गोठते, पेशी फुटतात, लाल प्लाझ्मा आला की नमुना बाद. डब्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी, त्यात ट्यूबा स्टँडसकट उभ्या, रक्ताची पातळी पाण्याखाली. ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी आणि आठ-दहा वेळा अलगद उलटलेली. कमी रक्तात फ्लोराइड जास्त झालं तरी पेशी फुटतात. थंडीत पेशींचं खाणं पूर्ण थांबत नाही, पण चांगलंच मंदावतं.

लेबलवर दोन वेळा: रक्त घेतल्याची आणि प्लाझ्मा वेगळा केल्याची. लॅबच्या रिपोर्टवरही दोन्ही छापा. फरक तासाच्या वर असेल आणि आकडा १३० ते १४० मधे असेल तर रिपोर्टखाली तसं लिहा आणि परत बोलवा. या दहाच्या पट्ट्यातल्या बायका दर शिबिराला किती निघतात ते वहीत लिहून ठेवलं तर काही महिन्यांत आपल्याच केंद्राचं चित्र दिसेल.

हुतात्मा_बाग

ही पट्ट्याची कल्पना मला मान्य. सगळ्यांना मधुमेही ठरवण्यापेक्षा दहा जणींना परत बोलवणं परवडतं.

चादरवाला

बर्फ कुठला वापरायचा? केंद्रावर लसींचा फ्रीज असतो, त्यातच ट्यूबा ठेवल्या तर?

प्लाझ्माताई

लसींच्या फ्रीजमध्ये रक्त, औषध, पाण्याची बाटली, काहीही ठेवायचं नाही. डबा वेगळा. डीप फ्रीझरमधले आइस पॅक लसीकरणाच्या दिवसाचे असतात, तेही सिस्टरला विचारल्याशिवाय उचलू नका.

जेवारी

मे महिन्यात बर्फाची काय चिंता बे, केंद्राच्या दारात रसवंती असतेच. दहा रुपयांचा तुकडा आणा, फोडा, डब्यात टाका.

प्लाझ्माताई

@जेवारी, बर्फ जरूर आणा. फक्त रसवंतीवाल्याला सांगून ठेवा की नऊ तारखेला सकाळी गरोदर बाई रस मागायला आली तर दोन तास थांब म्हणावं.